साक्षीदाराची निवड

बारावीनंतर मुलास अमेरिकेंतील महाविद्यालयांत पाठवावयाचें ठरलें, म्हणजे घरांत एक प्रश्न हटकून निघतो: शिफारसपत्र कोणत्या शिक्षकाकडून घ्यावें? आमच्याकडील प्रवेश बहुधा गुणांवर ठरत असल्यामुळें या पत्राची संवय आम्हांस नाहीं. आणि शिफारस हा शब्द कानीं पडतांच आमचें मन वशिल्याकडे धांवतें. मग मुख्याध्यापकांचें नांव निघतें, वडिलांच्या ओळखीच्या एखाद्या प्राचार्यांचें निघतें. ज्या शिक्षकानें मुलाच्या वह्या दोन वर्षें तपासल्या, त्याचें नांव सर्वांच्या शेवटीं निघतें, किंवा निघतहि नाहीं.

वशिल्यांत बोलणाराचें वजन पाहतात. साक्ष देणारास, तूं काय पाहिलेंस, असें विचारतात. १९०७ सालीं मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांसाठीं पुढें सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे त्यांचे वर्गशिक्षक नव्हते. चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसलेला हा विद्यार्थी त्यांनीं पाहिला होता, त्याची विचारपूस केली होती, त्यास पुस्तकें दिलीं होतीं. महाराजांनीं दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति दिली. केळुसकर नामांकित ग्रंथकार होते हें खरें, आणि त्या नांवानें दार उघडलें असेलहि. परंतु आंत गेल्यावर सांगण्याजोगें त्यांच्यापाशीं जें होतें, तें त्या बागेंत मिळालेलें होतें.

ज्या विषयांत शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णव गुण पडले, त्या विषयाच्या शिक्षकापाशीं पुष्कळदां त्या आंकड्यापलीकडे लिहावयास कांहीं नसतें. आणि आंकडा गुणपत्रिकेंत छापलेलाच असतो. उलट, ज्याच्या तासाला मुलगा अडला, चुकला, हुज्जत घालून बसला, आणि आठवड्यानें तेंच गणित सोडवून पुन्हां दाखवावयास आला, त्या शिक्षकानें मुलगा पाहिला. त्याच्याकडे जाण्यास मुलगा कचरतो, कारण उणेंहि त्यानेंच पाहिलेलें असतें.

आपला साक्षीदार आपणच निवडणें हें अप्रामाणिकपणाचें आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. कोर्टांतहि पक्षकार आपले साक्षीदार आपणच बोलावतो. मात्र त्यानें त्यांस पढवूं नये. आमच्याकडे अनेक ठिकाणीं मजकूर विद्यार्थी लिहितो आणि शिक्षक सही करतो. साठ मुलांचा वर्ग, इंग्रजी लिहिण्याचा संकोच, वेळेची ओढाताण, हीं शिक्षकाचीं कारणें खोटीं नव्हेत. तरीहि सतरा वर्षांच्या मुलास आपली स्तुति दुसऱ्याच्या तोंडीं घालण्याचा धडा गुरूच्याच टेबलावर मिळावा, हें आम्हांस फार वाईट दिसतें. आपण काय काय केलें याचें टिपण मुलानें खुशाल द्यावें. वाक्यें शिक्षकाचीं असावींत, मग तीं मोडकीं कां असेनात.

विद्यार्थ्यास आपलीं शालेय कागदपत्रें पाहण्याचा हक्क अमेरिकेंत १९७४ च्या कायद्यानें मिळाला. परंतु शिफारसपत्रापुरता तो सोडून देण्याची मुभाहि त्यांत आहे. येथें आमचे आईबाप अडखळतात. न वाचलेलें पत्र पाठवावयाचें कसें? ही धाकधूक आधीं, निवडीच्या वेळींच, वाटली असती तर बरें झालें असतें.

विचारतांनाहि शिक्षकास नकाराला जागा ठेवावी. ‘तुझ्याविषयीं लिहिण्याइतका मी तुला ओळखत नाहीं,’ असें एखाद्यानें सांगितलें, तर घरच्यांनीं तो अपमान समजूं नये. दुसऱ्या शिक्षकास भेटावयास अवकाश राहील अशा बेतानें दोन महिने आधींच विचारलेलें बरें.