रागाचा पत्ता

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर भिवंडीतल्या कामतघरच्या एका गल्लीत आठ यंत्रमाग मोडताना पाहिले. माग मोडायला फार वेळ लागत नाही. आधी बीम उतरवतात, मग मोटार सोडवून बाजूला ठेवतात, कारण तिला वेगळा भाव येतो. उरलेल्या बिडाच्या सांगाड्यावर घण पडतो. बीड ठिसूळ असतं, चार-पाच घावांत चौकट दुभंगते. तुकडे टेम्पोत, टेम्पो वजनकाट्यावर, आणि दोन पिढ्यांचं पोट भरलेल्या यंत्राची किंमत किलोच्या भावाने ठरते. मालक दारात खुर्ची टाकून बसले होते. गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचे वडील करीमनगरकडून मुंबईच्या गिरणीत आले आणि तिथून भिवंडीला. अण्णांनी धोटे तेवढे भंगारात दिले नाहीत. एका पिशवीत भरून घरी नेले.

इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्येही एकदा असेच माग फोडले गेले होते. १८२६च्या एप्रिलमध्ये उपाशी हातमाग विणकरांचे जथे गावोगाव फिरले आणि चार दिवसांत हजाराहून अधिक यंत्रमाग त्यांनी फोडले. चॅटर्टनला सैन्याच्या गोळीबारात सहा जण मेले. अण्णांचा साधा माग ज्या घराण्याचा, त्याचं मूळही तिकडचंच, ब्लॅकबर्नमधलं, १८४२ सालचं. फरक एवढाच की तिथे घण उचलणाऱ्याला आपण कोणाचं नुकसान करतोय हे ठाऊक होतं. गिरणी कोणाची, मालक कोणत्या टेकडीवरच्या घरात राहतो, सगळं माहीत होतं. कामतघरात मालकच पैसे मोजून घणवाल्याला बोलावतो आणि वर त्याला चहा पाजतो.

ब्रिटनमधल्या जनतेच्या रागाबद्दल गेल्या दहा वर्षांत आपण पुष्कळ वाचलं. २३ जून २०१६ला तिथल्या ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच जाणकारांनी त्याला अडाणीपणा म्हटलं होतं. मला त्यातले दोन आकडे पुन्हा पुन्हा आठवतात. मँचेस्टर शहराने साठ टक्क्यांच्या वर ‘राहू या’ म्हणून मत दिलं. तिथून तासाभराच्या अंतरावरच्या बर्नलीने, जे एकेकाळी जगाला कापड पुरवत होतं, ६६ टक्क्यांच्या वर ‘निघू या’ म्हणून दिलं. कापड दोघांचंही गेलं. पण मँचेस्टरला विद्यापीठं, बँका, फुटबॉल आणि नव्या नोकऱ्या मिळाल्या, बर्नलीच्या वाट्याला बंद गिरण्यांच्या चिमण्या आल्या. भिवंडीला ‘भारताचं मँचेस्टर’ म्हणायची आपल्याला जुनी खोड आहे. ही उपमा ज्याने पहिल्यांदा वापरली त्याने बर्नली पाहिलेलं नसावं.

बर्नलीचा राग योग्य जागी पोचला का, हा वेगळा प्रश्न. ब्रसेल्समधल्या अधिकाऱ्यांनी तिथल्या गिरण्या बंद केल्या नव्हत्या, त्या तर आधीच बसल्या होत्या. पुढे २०१९मध्ये याच गावाने शंभरहून अधिक वर्षांनी हुजूर पक्षाचा खासदार निवडला, २०२४मध्ये परत मजूर पक्षाचा, आणि २०२५च्या मे महिन्यात लँकेशायर काउंटीची सत्ता ‘रिफॉर्म’ या नव्या पक्षाकडे गेली. राग दार बदलत राहिला. पण दार ठोठावलं जात होतं, आणि आत बसलेल्यांची झोप उडत होती, हे मान्य करावंच लागेल.

कामतघरात काय होतं? वऱ्हाळदेवीच्या तलावापासून धामणकर नाक्याकडे चालत या. पूर्वी इथे बोलायचं तर ओरडावं लागायचं, दोन्ही बाजूंनी खटखट चालू असायची. आता निम्म्या गाळ्यांवर शटर आहे, काहींमध्ये पुठ्ठ्यांचे खोके रचलेत, काहींच्या जागी सात मजले उभे राहिलेत. यंत्रमाग मोडीत निघाला त्याची कारणं इथला कोणीही पोरगा बोटांवर मोजून सांगेल. सुताचा भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. सुरतेचा वॉटरजेट माग याच्या कितीतरी पट वेगाने विणतो. नोव्हेंबर २०१६ची नोटबंदी इथे जास्त जाचली, कारण इथला पगार पंधरवड्याला आणि रोखीतच व्हायचा. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला. विजेचं बिल तर कायमचंच; भिवंडीचं वीज वितरण २००७मध्ये खाजगी कंपनीकडे गेलं आणि तेव्हापासून मोर्चा म्हटला की तो बहुतेक मीटरवरच निघतो. मग २०२०ची टाळेबंदी. त्या मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला मजुरांची खास गाडी सुटली, आणि ज्यांना गाडी मिळाली नाही ते नाशिक महामार्गाने चालत गेले. त्यातले बरेच परत आलेच नाहीत.

एवढं सगळं झालं तरी इथे बर्नलीसारखं काही घडलं नाही. लोक सोशिक आहेत, दैववादी आहेत, असं एक उत्तर तयार असतं. मला ते पटत नाही. ज्या गावाने १९७० आणि १९८४ साली दंगली पाहिल्या त्या गावाला राग येत नाही असं कोण म्हणेल?

माझं म्हणणं असं की राग नुसता असून चालत नाही, त्याला पत्ता लागतो. आणि यंत्रमागाच्या धंद्याची रचनाच पत्ता पुसणारी आहे. अण्णा मालक खरे, पण सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, भाव व्यापाऱ्याचा. अण्णांना मिळते ती मजुरी, दर पिकाला, म्हणजे आडव्या धाग्याच्या दर फेरीला, इतके पैसे या हिशोबाने. कारागिरासाठी ते शेठ आहेत आणि व्यापाऱ्याच्या पेढीवर ते स्वतः मजूर आहेत. व्यापाऱ्याला विचारा, तो सुताच्या बाजाराकडे बोट दाखवतो. बाजार कापसाच्या भावाकडे, कापूस आयात-निर्यातीच्या धोरणाकडे, आणि धोरण दिल्लीत ठरतं जिथे आठ मागवाल्याला बसायला खुर्ची नाही. कारागीर बहुधा आझमगड किंवा मऊकडचा, भिस्सीत जेवणारा, कारखान्यातच झोपणारा. त्याचं नाव मतदार यादीत आहे, पण गावाकडच्या. इथल्या नगरसेवकाने त्याला का भ्यावं?

उलट बाजू सिरसिल्लाची. तेलंगणातलं हे यंत्रमागाचं गाव, कामतघर-पद्मानगरातल्या पद्मशाली घरांचे निम्मे सोयरे तिकडचे. तिथल्या विणकरांच्या आत्महत्या गाजल्या. पण तिथला विणकर तिथलाच मतदार होता. २०१७पासून राज्य सरकारने बतकम्मा सणाला वाटायच्या साड्यांचं काम तिथल्या मागांना दिलं. सरकारी कृपेवर चालणारा धंदा किती टिकतो हे सरकार बदलल्यावर दिसलंच, त्यामुळे त्याचे पोवाडे गायचं कारण नाही. तरी काही वर्षं माग चालले. तेच काम, तेच यंत्र. एका ठिकाणी मत होतं, दुसऱ्या ठिकाणी नव्हतं.

यात एक अवघड कबुलीही द्यायला हवी. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा गिरण्यांचं काम गुपचूप भिवंडीच्या मागांवर आलं. गिरणगाव उपाशी होतं आणि इथे रात्रपाळी जोरात होती. गिरण्यांतले माग भंगाराच्या भावाने विकत घेऊन ज्यांनी कारखाने उभे केले, त्यांचेच माग आज भंगारात जातायत. इथलं काम म्हणजे काही सुवर्णयुग नव्हतं. बारा तासांची पाळी, ना फंड ना रजा, छातीत कापसाची धूळ. एका कारागिराकडे सहा-सहा, आठ-आठ माग. ते गेलं म्हणून गळा काढावा असं नाही. पण त्याच्या जागी काय आलं? माणकोली, दापोडे, काल्हेरच्या शेतांत उभी राहिलेली गोदामं. तिथेही बारा तास, तिथेही ठेकेदार. मागावरच्या माणसाला निदान तुटलेला धागा जोडता येत असे, ती एक विद्या होती आणि त्या विद्येला गल्लीत मान होता. खोक्यावर स्टिकर लावणाऱ्याला उद्या न येण्याबद्दल सांगायला फोनवरचा एक संदेश पुरतो.

राग पोचवायची जी दारं होती त्यांचं काय झालं तेही बघा. २०१७च्या महापालिका निवडणुकीत भिवंडीकरांनी ९० पैकी ४७ जागा काँग्रेसला दिल्या, स्वच्छ बहुमत. डिसेंबर २०१९मध्ये त्यातल्या १८ जणांनी पक्षाविरुद्ध मत दिलं आणि चार नगरसेवकांच्या आघाडीचा महापौर झाला. जून २०२२मध्ये मुदत संपली, प्रशासक बसला, आणि तीन वर्षं उलटली तरी निवडणूक लागली नव्हती. गटार तुंबलं म्हणून ज्याच्या दारात जाऊन चार शिव्या द्याव्यात तो माणूसच त्या काळात उरला नव्हता. २०२४च्या लोकसभेत मतदारांनी केंद्रातल्या मंत्र्याला ६६ हजारांवर मतांनी पाडलं आणि एका अपक्षाला दोन लाखांहून जास्त मतं दिली. राग होता, उघडच होता. पण त्या निवडणुकीच्या भाषणांत यंत्रमाग किती वेळा आला? धर्म आला, जात आली, आगरी-कुणबी आलं. सूत आलं नाही.

पत्ता नसलेला राग शेजारच्या घरात शिरतो. २००१च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम आणि बर्नलीत गोरे आणि पाकिस्तानी-बांगलादेशी तरुण एकमेकांवर धावून गेले, दोघांचेही बाप त्याच गिरण्यांत कामाला होते. आपल्याकडचा दाखला जास्त बोलका आहे. १९८४नंतर इथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू, मुसलमान आणि हद्दीतला हवालदार एका सतरंजीवर, आणि विषय शांतता-बंधुभावाचे नसत. नळ, पाकीटमार, लाउडस्पीकर, कुणाची सायकल गेली. डिसेंबर १९९२मध्ये मुंबई जळत होती आणि भिवंडी, जिच्याकडे सगळे श्वास रोखून बघत होते, शांत राहिली. त्याचं श्रेय लोकांच्या चांगुलपणाला द्यायची पद्धत आहे. मला वाटतं, श्रेय सतरंजीला जास्त आहे. आठवड्याचा राग आठवड्यात ओतायला जागा होती.

धंद्याच्या रागाला अशी सतरंजी कधीच पडली नाही. कारागीर, आठ मागवाला, सूतवाला आणि वीजवाला एका जागी बसून पिकाच्या पैशांवर भांडलेत, असं दृश्य कामतघरात मी पाहिलेलं नाही. मागवाल्यांचे बंद होतात, आठवडाभर माग थांबतात. पण ते व्यापाऱ्याच्या पथ्यावरच पडतं, साठलेलं कापड खपतं.

अण्णांना मी त्या दिवशी विचारलं होतं, की राग येत नाही का. ते म्हणाले, “येतो ना मास्तर. पण मी आठ मागांचा शेठ. मीच लोकांना पगाराला उद्या ये म्हणायचो.” मग पिशवीतला एक धोटा काढून टोकाचं पितळ अंगठ्याने पुसत बसले.

आता ते आणि त्यांचे जुने दोन कारागीर सकाळी नाक्यावरच्या टपरीवर चहाला असतात. आयुष्य मागांच्या गोंगाटात गेल्यामुळे तिघंही अजून ओरडूनच बोलतात. समोरच्या नव्या इमारतीत राहायला आलेल्या एका बाईंनी मला परवा विचारलं, “हे लोक रोज सकाळी कशावरून भांडतात हो?”