निवडीचा विवेक

समुद्राच्या लिटरभर पाण्यात लिथियम जेमतेम ०.२ मिलिग्रॅम, तर सोडियम सुमारे १०,८०० मिलिग्रॅम! तरीही लोह फॉस्फेटच्या विद्युतअग्राला ऋणभार दिला, की त्याच्या स्फटिकातील अरुंद वाटांत लिथियम शिरते. आकाराने मोठे सोडियम बहुतांशी बाहेर राहते. विद्युतप्रवाह उलटवला, की लिथियम मोकळे होते.

चिलीतील आटाकामाच्या क्षारभूमीत याच धातूसाठी खारे पाणी वर्षभराहून अधिक काळ उन्हात आटवतात. त्या तहानलेल्या वाळवंटातले पाणी वाफ होऊन जाते. त्यापेक्षा हवे तेवढे घेऊन उरलेले परत करणे निश्चितच अधिक नीतीचे. परंतु वाचकहो, विद्युतअग्राला निवड कळते, गरज कळत नाही. किती बॅटऱ्या पुरेत, हे स्फटिक सांगणार नाही. ते आपल्या सदसद्विवेकबुद्धीलाच ठरवावे लागेल.