दुपारची पेंग

अंबरनाथ तालुक्यातील चामटोलीसारख्या गावी अंगणवाडीतून परतलेले चार वर्षांचे पोर, भाकरीचा तुकडा वेडावाकडा मोडला एवढ्याच निमित्ताने, उंबरठ्यावर अंग टाकून आक्रोश करू लागते, तेव्हा वडीलधारी मंडळी त्यास हट्टी ठरवून मोकळी होतात. वस्तुतः सकाळभर परक्या मुलांत बसणे, आपली पाळी येईतो थांबणे, डोळ्यांशी आलेले रडू परतवणे, या अदृश्य श्रमांची ती थकबाकी असते. आणि ती चुकती करण्यास आईच्या मांडीइतके निर्धास्त स्थळ त्यास ठाऊक नसते. अशा वेळी ‘आज काय शिकलास?’ अशी जबानी घेण्यापेक्षा घोटभर पाणी, वाटीभर मऊ भात आणि अंधारलेली खोली, एवढी तजवीज पुरे.

1945 साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा पाटीआधी मुलाच्या शरीराची विचारपूस होई. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 साली तीन-चार वर्षांच्या बालकांस दिवसाकाठी 10 ते 13 तास निद्रा आवश्यक मानली. तीत दुपारची डुलकीही धरलेली आहे.

आमच्या भागात मात्र बापाची लोकल बदलापूरला रात्री पोहोचते, आणि ‘बाबा येईपर्यंत जागा राहा’ हा प्रेमळ हुकूम सुटतो. तोवर पोर आजीच्या पदराचे टोक मुठीत धरून, हातात अर्धा घास तसाच ठेवून, केव्हाच निजलेले असते.