सात मतं

बेळगाव तालुक्यातल्या एका गावात एक म्हातारा शेतकरी राहायचा. दोन एकर भात आणि बांधाच्या वरच्या अंगाला रताळी, एवढाच त्याचा पसारा. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि पुढे म्हाताऱ्याच्या जमिनीचा उतारा कन्नडमधून येऊ लागला. स्वतःच्या शेताचा कागद वाचून घ्यायला तो दुसऱ्याच्या दारात जायचा. वाचणारा वाचायचा, हा मान डोलवायचा आणि कागदाची चौघडी करून पुन्हा खिशात ठेवायचा.

1996 ची लोकसभा निवडणूक आली. बेळगाव महाराष्ट्रात यावं हे आपलं गाऱ्हाणं दिल्लीपर्यंत पोचावं म्हणून सीमाभागातल्या मराठी माणसांनी शेकड्यांनी अर्ज भरायचं ठरवलं. म्हाताऱ्यानंही नाव दिलं. तेव्हा अनामत होती 500 रुपये. कौलं बदलायला म्हणून रताळ्याच्या पैशातून नेमके तेवढेच बाजूला पडले होते.

म्हातारी म्हणाली, "पाचशे रुपये पाण्यात घालायलाय तुम्ही. निवडून येणार काय?"

"न्हाई येत."

"मग?"

"उतारा दुसऱ्यानं वाचून दाखवायचा आणि आपण ऐकायचं, हे चाळीस वर्षं झालं. एकदा माझं नाव सरकारला वाचू दे की."

अर्ज घेणाऱ्या कारकुनानं दहा-दहाच्या नोटा दोनदा मोजल्या. अंगठ्याच्या शाईकडे बोट दाखवलं, तर म्हाताऱ्यानं मान हलवली आणि पेन मागून घेतलं. एकेक अक्षर कोरत, ओठ हलवत त्यानं सही केली. पावती मिळाली, ती उताऱ्याच्याच घडीत गेली.

त्या निवडणुकीत बेळगावात 456 उमेदवार होते. एवढी नावं छापता छापता यंत्रणेच्या नाकी नऊ आले. निकाल लागला. अनामत वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो. म्हाताऱ्याला मिळाली अकरा मतं. त्या पावसाळ्यात घर गळलं. म्हातारी पातेली मांडत फिरत होती, पण बोलली नाही.

म्हातारा मात्र हिशेबात अडकला होता. घरातली मतं चार. मग वरची सात कुणाची? प्रचाराला तो बाहेर पडलाच नव्हता. बाजारात रताळी घेणारा एखादा असेल? एसटीत शेजारी बसलेला? ज्याला त्याला तो निरखून पाहायचा आणि रामराम घालायचा. बांधावरून ज्याच्याशी वीस वर्षं बोलणं नव्हतं, त्या शेजाऱ्यापाशी तो एक दिवस थबकला. यानंच दिलं असेल तर? विचारायची सोय नव्हती, मत गुप्त असतं. त्यानं पहार आणली आणि हद्दीचा दगड आपल्या बाजूला हातभर सरकवला. शेजारी बघत राहिला. मग विडी विझवून उठला आणि दगडाच्या दुसऱ्या बाजूला हात लावला.

सात माणसं त्याला शेवटपर्यंत सापडली नाहीत, पण तो शोधायचा थांबलाही नाही.

अशा उमेदवारांना लोक हौशी म्हणतात, मतं खाणारे म्हणतात. मला ते पटत नाही. गंमत म्हणून उभे राहणारे असतात, पण घराची कौलं अनामतीत घालणाऱ्याला त्यांच्या रांगेत बसवणं हा अन्याय आहे. त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या नलगोंड्यात 480 जण उभे होते. तिथल्या विहिरींच्या पाण्यातलं फ्लोराईड माणसांची हाडं वाकवत होतं, म्हणून. त्यानंतर कायदा बदलला आणि अनामत दहा हजारांवर गेली. आज लोकसभेसाठी सर्वसाधारण उमेदवाराला 25,000 रुपये भरावे लागतात. दोन एकरवाल्याला हा आकडा परवडणारा नाही. आणि ज्यासाठी म्हातारा उभा राहिला, तो बेळगावचा सीमाप्रश्न अजून सर्वोच्च न्यायालयात आहे.

पुढच्या निकालाच्या दिवशी पहिली दोन नावं बघून यादी मिटू नका. शेवटच्या नावापर्यंत वाचा.