लोकांच्या वतीने बोलणारा माणूस

रस्ता, रेल्वे किंवा मेट्रो आखणारी यंत्रणा आणि त्या आखणीच्या रेषेत राहणारी माणसे यांच्यामध्ये कुणाला तरी उभे राहावे लागते. काही मोठ्या शहरांच्या वाहतूक प्रशासनात त्यासाठी वरिष्ठ समुदाय संपर्क अधिकारी असे स्वतंत्र पद असते. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात तेच काम प्रांत, तलाठी, सरपंच आणि ठेकेदाराचा एखादा गोडबोल्या माणूस यांच्यात वाटले जाते. पगार एका बाजूचा आणि बोलणे दोन्ही बाजूंच्या वतीने, अशी ही कामगिरी. तिच्या मुळाशी तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे: अनेकांच्या वतीने ‘हो’ म्हणण्याचा अधिकार एका माणसाला येतो कुठून?

एडमंड बर्कने 1774 मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना सुनावले होते की, प्रतिनिधी हा त्यांच्या हुकमाचा ताबेदार नसतो. त्याने स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यायचा असतो. वारकरी संतांनी देव आणि भक्त यांच्यामधल्या दलालालाच रजा दिली. रस्त्याच्या बाबतीत ती सोय नाही. हजार खातेदारांशी एकेकट्याने बोलत बसायला कोणत्याही खात्याला सवड नसते. मालवण किनाऱ्यावरच्या गावांनी मात्र या प्रश्नाची एक तिसरीच मांडणी केलेली आहे. ती कुठल्या ग्रंथात नाही, गावऱ्हाटीत आहे.

गावऱ्हाटी म्हणजे ग्रामदेवतेभोवती बांधलेली गावाची व्यवस्था. तिच्यात गावकर, बारा-पाचाचे मानकरी, गुरव, घाडी अशी प्रत्येकाची जागा ठरलेली असते. गावावर संकट आले, नवे काम काढायचे असले, शिवेवरच्या राखणदाराच्या जागेला धक्का लागणार असला, की देवासमोर गाऱ्हाणे घालतात. घालणारा एकच, पण तो गाभाऱ्याशी एकटा कुजबुजत नाही. सगळा गाव सभामंडपात उभा असतो. बोलणारा एकेक मागणे मोठ्याने मांडतो आणि प्रत्येक वाक्याला जमाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार देतो. हा होकार भाषण संपल्यावर वाजणाऱ्या टाळ्यांसारखा नाही. तो वाक्यागणिक द्यावा लागतो, म्हणून वाक्यागणिक अडवताही येतो. गावाला मान्य नसलेली गोष्ट बोलणाऱ्याने घुसडली, तर त्या जागी पसरलेली शांतता देवाच्या आधी त्यालाच ऐकू येते.

पुढचा भाग कौलाचा, म्हणजे देवाच्या उत्तराचा. गुरव पाषाणावर नेमक्या जागी भिजवलेले तांदूळ किंवा फुलांच्या पाकळ्या चिकटवतो. प्रश्न विचारला जातो. मग सगळे नुसते बघत राहतात. उजवीकडचा कौल पडला तर साधारणपणे होकार, डावीकडचा पडला तर नकार, आणि काहीच पडले नाही तर थांबायचे. पाकळी पाणी सुकल्याने पडते की देवाच्या इच्छेने, हा वाद येथे बाजूला ठेवता येतो. महत्त्वाचे हे की, गाऱ्हाणे घालणाऱ्याच्या हाती उत्तर नसते. ‘साहेबांशी बोलणे झाले आहे, तुम्ही निर्धास्त राहा’ असे तो गावाला सांगू शकत नाही, कारण उत्तर त्याच्याबरोबरच गावही पाहत असतो.

या व्यवस्थेचा गौरव करताना तिचे दोष झाकता येत नाहीत. मान जन्माने मिळतो. बाई गाऱ्हाणे घालत नाही. मानाच्या उतरंडीत खाली असलेल्यांचे म्हणणे त्यांच्या तोंडून देवापर्यंत जात नाही. मानापमानावरून भावकी कोर्टात जाते. गावाचा होकार म्हणून जे घुमते, त्यात किती आवाज मुळातच धरलेले नसतात, हा प्रश्न गावऱ्हाटीलाही विचारावा लागतो आणि ग्रामसभेलाही. तरीही बोलणे सर्वांदेखत व्हावे आणि उलट उत्तराची शक्यता खरी असावी, या दोन अटी तिने सांभाळल्या आहेत. आधुनिक संपर्क अधिकाऱ्याच्या कामात नेमक्या याच दोन अटी गळतात.

महाभारताच्या उद्योगपर्वात या पदाचे दोन नमुने शेजारी शेजारी सापडतात. धृतराष्ट्र संजयाला उपप्लव्याला पाठवतो. संजय सज्जन आहे, शांततेबद्दल मनापासून बोलतो. पण द्यायला त्याच्याजवळ काही नाही. एक गावसुद्धा देऊ करण्याचा अधिकार त्याला दिलेला नाही. युधिष्ठिर शेवटी पाचच गावे मागतो, तेव्हा ती मागणी घेऊन परतण्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. पुढे शिष्टाईला कृष्ण जातो. तो तटस्थ नाही. तो पांडवांचा आहे आणि हे हस्तिनापुरात सर्वांना ठाऊक आहे. तरी दुर्योधनाचे जेवणाचे आमंत्रण तो नाकारतो. दूताने काम सिद्धीस गेल्यावरच यजमानाचा पाहुणचार घ्यावा, असे सांगून तो विदुराकडे उतरतो आणि सगळे म्हणणे भरल्या सभेत मांडतो. मध्यस्थ निःपक्षपाती असलाच पाहिजे, हा समज येथे कोसळतो. तो कोणाचा आहे हे उघड असले, तो कोणाचे जेवत नाही हे दिसत असले आणि तो सर्वांसमोर बोलत असला, तर त्याची बाजू अडसर होत नाही. कृष्णाची शिष्टाईही फसली, ही गोष्ट वेगळी.

आता सिंधुदुर्ग जिल्ह्यातून गेलेल्या दोन मार्गांकडे पाहता येते. कोकण रेल्वे महामंडळ 1990 मध्ये स्थापन झाले आणि 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण मार्ग सुरू झाला. सुमारे 43 हजार जमीनमालकांशी व्यवहार करायचा होता. महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी मार्गाचे विभाग पाडले. त्यांतला एक कुडाळचा होता. प्रत्येक विभागाचा मुख्य अभियंता तिथेच राहून निर्णय घेऊ शकत असे. बोलणारा आणि ठरवणारा यांच्यातले अंतर त्यामुळे कमी झाले. पुष्कळांनी जमिनी आपणहून दिल्या, त्यामागे हेही एक कारण असावे. त्याच मार्गाला गोव्यात आखणीवरून मोठा विरोध झाला, हेही विसरता येत नाही.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात चित्र वेगळे दिसले. 4 जुलै 2019 रोजी कणकवलीत खड्ड्यांचा जाब विचारताना महामार्गाच्या उपअभियंत्यावर चिखल ओतण्यात आला. त्या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. मात्र लोकांना समोर दिसणारे शासन म्हणजे तो एकटा उपअभियंता होता, आणि त्याच्या अधिकारात फारच थोडे होते. संजयावर निदान कुणी चिखल टाकला नव्हता.

मुंबईत मेट्रो-3 च्या वेळी प्रश्न आणखी खोल गेला. बोगदा वाडियाजी आणि अंजुमन या दोन आतश बेहरामांच्या, म्हणजे पारशी अग्निमंदिरांच्या, परिसराखालून जाणार होता. पवित्र अग्नीभोवतीचे आध्यात्मिक कुंपण त्याने भेदले जाईल, अशी काही पारशी भाविकांची हरकत होती. यंत्रणेकडे उत्तर होते ते इमारतीच्या सुरक्षिततेचे आणि कंपनांचे. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने आधी काम थांबवले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये याचिका फेटाळल्या. निकाल काहीही असो, भिंतीला तडा जाणार नाही हे सिद्ध केल्याने अग्नी बाटणार नाही हे सिद्ध होत नाही. ज्या अर्थाने प्रश्न विचारला गेला त्याच अर्थाने तो वर पोहोचवणे, हे संपर्क अधिकाऱ्याचे पहिले काम आहे. त्याला स्वतः श्रद्धा असण्याची गरज नाही.

वाहतूक खात्याला असे ऐकून घेणे जमतच नाही, असेही नाही. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तिथी पंचांगात ठरलेली नसते. ती कौलाने ठरते. तारीख जाहीर झाली की मग कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते, एसटी जादा बस लावते. तोपर्यंत दोघेही थांबतात आणि कुणाचे काही बिघडत नाही. अर्थात तिथे कुणाची जमीन जायची नसते.

जमीन जायची असते तिथे कायदा फार थोडे थांबतो. 2013 च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणला, काही प्रकल्पांसाठी बाधितांची संमतीही आवश्यक ठरवली. राष्ट्रीय महामार्ग कायदा, 1956 मात्र त्यातून वगळलेल्या कायद्यांच्या यादीत, चौथ्या अनुसूचीत गेला. भरपाईच्या तरतुदी त्याला पुढे लागू झाल्या, संमतीची अट लागली नाही. तिथे हरकतीसाठी 21 दिवस मिळतात, सुनावणी केंद्र सरकारनेच प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यासमोर होते आणि हरकतीवरचा त्याचा आदेश अंतिम असतो. अशा चौकटीत समुदाय संपर्काचे कितीही वरिष्ठ पद निर्माण केले, तरी गावाचा नकार वर नेऊन काम थांबवण्याचा अधिकार त्या पदाला मिळत नाही. तो द्यायचा असेल, तर कायद्यात बदल करावा लागेल.