हजेरीपटावरची साक्ष

‘हजेरी’ हा शब्द मराठीत ‘हाजिर’वरून आला. आमच्या उर्दू शाळेत मी नाव पुकारते आणि मुले ‘हाजिर’ म्हणून उत्तर देतात. जो आलेलाच नाही, तो उत्तर देत नाही. त्याच्या नावापुढे शिक्षकाने काय मांडावे, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही.

नियम आपणा सर्वांना माहीत आहे. दहावीला नियमित विद्यार्थी म्हणून बसायचे तर ७५ टक्के हजेरी हवी. आजारपणासारखे सबळ कारण असेल तर मुख्याध्यापकांच्या शिफारशीने बोर्ड सूट देऊ शकते. नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म. आठवीपर्यंत २००९ चा शिक्षणहक्क कायदा मुलाच्या पाठीशी असतो. पुढे तो आधार सुटतो, आणि नेमक्या याच वयात आमच्या मोहल्ल्यातील मुलांचे हात कमावते होतात.

काही वर्षांपूर्वी नांदेडला माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. वडिलांचे काम सुटले, तो गॅरेजवर जाऊ लागला. आठवड्यातून एखादा दिवस शाळेत दिसायचा. “टीचर, नाम मत काटो,” एवढेच त्याचे मागणे. मी नाव कमी केले नाहीच, उलट त्याला रोज हाजिर मांडत गेले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला सादीच्या ‘गुलिस्ताँ’मधली पहिली हिकायत सांगितली. कैद्याचा जीव वाचावा म्हणून वजीर बादशहाशी खोटे बोलतो, आणि बादशहाला ते खोटे दुसऱ्या वजिराच्या खऱ्यापेक्षा बरे वाटते. मलाही पटले. कोणाचे काय बिघडत होते?

ते मार्चमध्ये कळले. हॉल तिकीट आले, त्याने दोन पेपर दिले, गणिताला गेलाच नाही. मग त्याची आई शाळेत आली. मुलगा शाळा सुटल्यावर गॅरेजवर जातो, अशी तिची समजूत होती. दिवाळीनंतर तिला शंका आली होती, विचारायला ती आलीही होती. मी त्या दिवशी रजेवर. कोणीतरी पट उघडून पाहिला आणि मुलगा रोज येतो असे सांगितले. बिचारी निश्चिंत होऊन परत गेली.

“टीचर, वो आताच नहीं था तो तुम लिखे कायकू?”

या प्रश्नापुढे सादी कामाला आला नाही. हिकायतीतला कैदी बादशहाच्या समोर उभा होता. माझा मुलगा कोणाच्याच समोर नव्हता, आणि माझ्या खोट्याने तो कायमचा नजरेआड गेला. पटावर गैरहजेरीची ओळ दिसली असती तर मुख्याध्यापकांनी विचारले असते, घरी निरोप गेला असता. शिवाय पट घटला की शिक्षकांची पदे घटतात. माझ्या दयेत ही भीती अजिबात नव्हती, असे मी शपथेवर सांगू शकत नाही.

नांदेडला हे नवे नाही. जिल्हाधिकारी असताना श्रीकर परदेशी यांनी इथे पटपडताळणी केली आणि ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या दिवसांत ती राज्यभर झाली. मतदारांसारखी मुलांच्या बोटांना शाई लावली गेली. पटावरची सुमारे २० लाख मुले वर्गात सापडली नाहीत. मी तेव्हा बी.एड. करीत होते आणि संस्थाचालकांना भरपूर नावे ठेवत होते. त्यांचे खोटे अनुदानासाठी, माझे दयेपोटी. पटावर दोन्हींची खूण सारखीच.

लातूरकडे पाहिले की मात्र राग येतो. अकरावी-बारावीला नाव एका कॉलेजात आणि दिवसभर मुक्काम क्लासमध्ये, हे तिथे उघड गुपित आहे. २०१८ मध्ये शासनाला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला, तो असल्याच प्रकारांमुळे. फी भरणाऱ्याची गैरहजेरी म्हणजे नियोजन आणि गॅरेजवाल्याची म्हणजे बेशिस्त! पण सूरह निसामध्ये साक्षीविषयी जो हुकूम आहे, तो दोन्हीकडे लागू होतो. साक्ष स्वतःच्या, आईबापाच्या विरुद्ध गेली तरी खरीच द्यावी. माणूस श्रीमंत आहे की गरीब, हे पाहून ती वाकवू नये. गरिबासाठीही नाही, हे मला फार उशिरा दिसले.

यंदा दहावीतली एक मुलगी अठरा दिवस आलेली नाही. अठराही दिवस मी गैरहजर मांडले आहेत. तिच्या घरी दोनदा जाऊन आले. काल तिची आई म्हणाली, “भाई की शादी होने दो टीचर, फिर भेजती.” मुख्याध्यापकांना मी सगळे लेखी कळवले आहे. उद्या पुन्हा जायचे आहे.