चार हजार वॅटचं शहाणपण

तू पाठवलेली यादी वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं, चष्म्याचा घोटाळा असेल. पाच स्पीकर, एक सबवूफर, ‘४००० वॅट’, ब्लूटूथ, एफएम, रंगीत दिवे, वर कराओकेचा माइक. सगळं मिळून अठरा हजार. बजेट पन्नास हजारांचं होतं, तेव्हा वाचलेल्या बत्तीस हजारांत टीव्ही ५५ इंचांवरून ६५ वर न्यायचा, हा तुझा हिशोब. आणि शेवटी प्रश्न, “सर, घेऊन टाकू ना?”

अकरावी-बारावीला तुला भौतिकशास्त्र मी शिकवलं. डेसिबलचं गणित तू पेपरात बरोबर सोडवलं होतंस. ते मार्क परत घ्यायची सोय असती तर आज घेतले असते.

आधी तो चार हजारांचा आकडा. तूच पाठवलेला फोटो मोठा करून बघ. सबवूफरच्या पाठीवर, वायर आत जाते तिथे, एक पाटी आहे आणि तिच्यावर लिहिलंय १०० वॅट. ते यंत्र भिंतीतल्या प्लगमधून शंभर वॅट घेतं. त्यातले काही उष्णतेत जाणार, काही तुझ्या त्या रंगीत दिव्यांत. मग बाहेर चार हजार येतात कुठून? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात लागू नाही, असं कुणी सांगितलं तुला? अशा आकड्याला पीएमपीओ म्हणतात आणि टू-इन-वन टेपरेकॉर्डरच्या काळापासून हा आकडा खोक्यांवर मिरवतोय. तो मोजायची ठरलेली रीतच नाही. एका क्षणाची, आवाज कितीही फाटला तरी चालेल अशी उसळी धरायची, स्पीकरच्या संख्येनं गुणायचं आणि छापून टाकायचं. तुझी नजर गेली पाहिजे ती आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या, वॅटवर, आणि त्यापुढच्या बारीक अक्षरांवर: किती ओहमला, किती चॅनल एकदम चालू असताना, किती टक्के विकृती धरून. एका चॅनलला, एकाच सुराला, दहा टक्के विकृती धरून शंभर वॅट आणि दोन्ही चॅनल चालू ठेवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, एक टक्क्याच्या आतल्या विकृतीनं पन्नास वॅट, यांत पन्नासवाला दणकट असतो.

वॅटची एवढी हाव मुळात कशाला? चल, फळ्यासमोर उभा राहा. एखादा बरा बुकशेल्फ स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर ८५ ते ८७ डेसिबल देतो. याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात आणि तुझ्या यादीत तिचा उल्लेखच नाही. तू बसणार तीन मीटरवर. मोकळ्या मैदानात तिथपर्यंत साडेनऊ डेसिबल कमी होतात. खोलीत भिंती आवाज परतवतात, म्हणून घट त्याहून कमी. दोन स्पीकर आहेत, त्यांचे तीनेक डेसिबल मिळव. म्हणजे एका वॅटला सोफ्यावर ऐंशीच्या आसपास. आपण दोघं बोलतो तेव्हा साधारण साठ असतात. शक्ती दुप्पट केली की तीन डेसिबल वाढतात: दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. सहा पायऱ्या, अठरा डेसिबल. चौसष्ट खऱ्या वॅटला ९८ झाले. सोसायटीचे सेक्रेटरी त्याच्या आधीच बेल वाजवतील. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल, अशी मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिली आहे. वाचून ठेव, कामाला येईल.

आता ते पाच डबे. मुठीत मावतील एवढे आहेत आणि तू लिहितोस, “सर, कॉम्पॅक्ट आहेत.” अमेरिकेतल्या केएलएच कंपनीच्या नावातला ‘एच’ म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन. त्यांच्या नावानं एक लोखंडी नियम सांगतात. खोल बेस, छोटं खोकं आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. सेन्सिटिव्हिटी तीच ठेवून बेस एक सप्तक खाली न्यायचा, तर खोक्याचं घनफळ आठपट लागतं. दुकानदार घासाघीस करेल, हा नियम करत नाही. तुझ्या मुठीएवढ्या डब्यांना दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खालचं काही झेपत नाही, म्हणून ते सगळं सबवूफरकडे ढकलतात. आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर असतो कुठे? शंभर-सव्वाशेच्या आसपास. म्हणजे नायकाचे ओठ टीव्हीवर हलणार आणि आवाजाचा भरीव भाग सोफ्याच्या कोपऱ्यातून, जमिनीवरून येणार. ऐंशी हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला नीट कळत नाही. त्याच्या वर जसजसं जावं तसं कळायला लागतं. म्हणूनच चांगल्या मांडणीत सबवूफरचा क्रॉसओव्हर, म्हणजे स्पीकर आणि सबवूफर यांच्यात सूर वाटून देणारी सीमा, ऐंशीला लावतात. तुझ्या खोक्यात तो बदलायची सोय तरी आहे का? पाहिलं होतंस? नाही. दिव्यांचे रंग किती, ते मात्र लिहिलंयस.

“पाच असले की थिएटर होतं,” हे वाक्य तुला कुणी पढवलं ते मला माहीत नाही. सिनेमातला बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतो. पुढचे डावे-उजवे संगीत आणि हालचाल सांभाळतात. मागचे दोघं पाऊस, गर्दी, एखादं दार लागल्याचा आवाज देतात आणि बराच वेळ गप्प बसतात. त्या गप्प बसणाऱ्या दोघांपैकी प्रत्येकावर तू बजेटचा तितकाच हिस्सा घालतोयस जितका बोलणाऱ्यावर. पैसे थोडे आहेत म्हणूनच डबे थोडे घे. एवढं एक वाक्य डोक्यात राहिलं तरी पुरे.

मग घ्यायचं काय? पन्नास हजारांत दोन वस्तू नीट बसतात. यामाहा, डेनॉन यांच्यासारख्यांचा सगळ्यांत साधा ५.१ रिसिव्हर, मागच्या सालचं मॉडेलसुद्धा चालेल. आणि बुकशेल्फ स्पीकरची एक चांगली जोडी. पोल्क, व्हार्फडेल, डाली, नाहीतर आपली कोलकात्याची सोनोडाइन, नावं बरीच आहेत. टॉवर घेऊ नकोस. त्याच किमतीतल्या टॉवरमध्ये तुझे पैसे लाकडात जातात, बुकशेल्फमध्ये वूफर-ट्विटरमध्ये. मधला स्पीकर पुढच्या दिवाळीला घे, त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला, म्हणजे माणूस डावीकडून उजवीकडे चालताना त्याचा आवाज बदलणार नाही. त्यानंतर सबवूफर. मागचे दोन सगळ्यात शेवटी. आणि डॉल्बी अॅटमॉसचं स्टिकर बघून पाघळू नकोस. आधी दोन कानांसमोरचं धड होऊ दे, छतावरच्या स्पीकरांचं मग बघू.

हो, दोनच स्पीकर असताना रिसिव्हरच्या मेनूमध्ये जाऊन सेंटर ‘नाही’, सबवूफर ‘नाही’, सराउंड ‘नाही’ असं स्पष्ट सांगायचं. मग तो मधल्याचा संवाद डाव्या-उजव्यात समान वाटून देतो आणि तू बरोबर मध्यभागी बसलास तर आवाज टीव्हीच्या मधून आल्यासारखा वाटतो. हे केलं नाहीस तर संवाद रिकाम्या टर्मिनलकडे जाईल आणि रात्री मला फोन करशील की सर, माणसं मुकी झालीत.

तुझ्या वडिलांचा सोनोडाइनचा अॅम्प माळ्यावर आहे, असं मागे बोलला होतास. त्याची लाज वाटते का? खाली काढ. जाणकार मेकॅनिककडून व्हॉल्यूम आणि स्विच साफ करून घे, कपॅसिटर तपासून घे. चालू निघाला तर टीव्हीचा ऑप्टिकल आउटपुट एका लहानशा डीएसीमधून (डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग करणाऱ्या डबीतून) त्याला जोडता येतो आणि रिसिव्हरचे सगळे पैसे सध्या स्पीकरवर घालता येतात. रिसिव्हरचे एचडीएमआय आणि फॉरमॅट काही वर्षांत जुने होतात. चांगला स्पीकर पंधरा-वीस वर्षं चालतो. सेकंडहँड घ्यायचा झाला तर वूफरच्या कडेची रिंग बोटानं हलकेच दाबून बघ. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत तिचा भुगा झालेला असतो, रबराची टिकते.

आणि ऐकल्याशिवाय घ्यायचं नाही! तुझी आई मंडईत पाव किलो भेंडीचंसुद्धा टोक मोडून बघते, आणि तू पन्नास हजारांची वस्तू फोटो बघून घेणार. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास जा, कुठेही जा, पण बसून ऐक. दुकानदाराच्या डेमोवर जाऊ नकोस. त्यात काचा फुटतात आणि हेलिकॉप्टर उडतं, आणि हेलिकॉप्टर सगळ्याच डब्यांवर बरं वाटतं. पेनड्राइव्हवर स्वतःचं सामान ने. पहिलं, पुलंचं अभिवाचन. हा आवाज तू लहानपणापासून ऐकतोयस. तो नाकातून येतोय, डब्यातून येतोय की समोर बसलेल्या माणसाकडून, हे तुझ्या कानाला लगेच कळेल. दुसरं, ढोलकी. ‘नटरंग’मधली लावणी लाव. चाटीवरची टिचकी सुटी ऐकू यायला हवी आणि धुमाचा सूर वर-खाली होताना कळायला हवा. दोन्हींचा मिळून नुसता ‘धप्प’ झाला तर उठून ये. तिसरं, तानपुरा, एकटा. आणि दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा कर. जो जरासा मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, आणि विकणाऱ्याला हे तुझ्याआधी माहीत असतं. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. नाव आणि किंमत दिसेनाशी झाल्यावर लोकांनी सर्वसाधारणपणे तेच स्पीकर पसंत केले जे सगळे सूर सारख्या प्रमाणात वाजवतात. बेस चढवलेले नव्हेत.

खोलीचा तर तू विचारच केलेला नाहीस. नकाशा पाठवलास त्यात डावा स्पीकर टीव्हीच्या युनिटवर आणि उजवा देवघराच्या डोक्यावर. बाप्पांना ऐकवायचं आहे का? ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा, दोन्ही स्पीकर एकाच उंचीला हवेत, आणि तुझ्या जागेपासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण तीस-तीस अंशांवर. दोन लोखंडी स्टँड कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल.

तुझा हॉल दहा बाय बारा. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर त्या लांबीची पहिली अनुनाद-वारंवारता सत्तेचाळीस हर्ट्झच्या आसपास, दहा फुटांची छप्पन्नच्या आसपास. त्या दोन सुरांना तुझी खोली स्वतःच घुमते, सबवूफर कितीही महाग आणलास तरी. पुढे सबवूफर घेशील तेव्हा तो आधी सोफ्यावर ठेव, बेसचं गाणं लाव आणि तू जमिनीवर रांगत भिंतीकडेनं फीर. जिथे बेस एकसारखा आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा. बायको हसेल, हसू दे. सोफा मागच्या भिंतीला चिकटवलायस, तो फूटभर पुढे ओढ. गुळगुळीत टाइल्स, काचेची सरकती खिडकी, उघड्या भिंती: टाळी वाजव आणि ऐक किती खणखणतं ते. सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचं कपाट. (पुस्तकं आहेत ना अजून घरात?) या तीन गोष्टींनी जो फरक पडेल तो स्पीकरवर आणखी दहा हजार घालून पडणार नाही.

वायरवर पैसे उडवायचे नाहीत. तुझ्या अंतराला दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते. लालला लाल, काळ्याला काळं. एकाच स्पीकरची उलटी जोडलीस तर दोघं एकमेकांचा बेस खातात आणि तू कंपनीला शिव्या घालतोस.

६५ इंचांचा टीव्ही रद्द. आहे तो ५५चा ठेव. अठरा हजारांच्या खोक्यासाठी हजाराचा अॅडव्हान्स दिलायस, असं खाली बारीक अक्षरांत लिहिलं आहेस. तो परत मिळाला तर घे, नाहीतर सोड. रविवारी पेनड्राइव्ह घेऊन दुकानात जा, आणि काय ऐकलं ते मला लिहून पाठव. या वेळी वॅटचा आकडा लिहायचा नाही.